उरलेला हात, गेलेला हात

६ फेब्रुवारी

मामा,

फोन केला की तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू काही न ऐकता "हो हो, बरं बरं" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. तसंही हे घाईत सांगण्यासारखं नाही.

चार दिवसांपूर्वी कागदाच्या कारखान्यातून एक माणूस आमच्याकडे आला. वय चौतीस. उजवा हात कोपराखाली तुटलेला. कागद दाबणाऱ्या मोठ्या रुळांमध्ये दोघे भाऊ सापडले होते. धाकटा तिथेच गेला, हा थोरला वाचला. त्याच्यासोबत बर्फाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळलेला हातही आला. परत जोडता येईल असा तो नव्हता, मनगटाच्या वरचं सगळं मांस चिरडलेलं. तळवा मात्र जसाच्या तसा. जणू आत्ता कुणाशी हस्तांदोलन करून आलाय.

कोपराखाली थोडं हाड शिल्लक होतं, पण त्यावर पांघरूण घालायला काहीच नाही. आमचे साहेब म्हणाले, "कोपराच्या वरून घे, नीट शिव, दहा दिवसांत घरी जाईल." त्यांचं चुकलं असं नाही. उघडं हाड कुजतं. मांडीचं पातळ कातडं त्यावर धरत नाही. पोटाचं कातडं चढावं म्हणून हात पोटाला शिवून ठेवावा तर माणूस तीन आठवडे स्वतःलाच बांधलेला. पण मला तुझं कृत्रिम हातांचं दुकान आठवलं, आणि तुझं ते नेहमीचं, "डॉक्टरने बाकी कुठेही उदार व्हावं, कापताना कंजूष व्हावं."

म्हणून मी तुटलेल्या हाताचा तळवा सोडवून घेतला, फक्त कातडं आणि त्याखालची गादी, रक्तवाहिन्या आणि नसांसकट. सूक्ष्मदर्शकाखाली सात तास एकेक वाहिनी जोडली. आता तो तळवा त्याच्या उरलेल्या हाताच्या टोकाला टोपीसारखा बसलाय. पुढच्या दहा दिवसांत तो काळा पडला तर कोपर गेलं, आणि साहेबांनी बजावलंय की मग मी मध्ये बोलायचं नाही. तू एवढंच सांग, कोपराखाली आठ-नऊ सेंटिमीटर तुला पुरतात का? की मी हट्टापायी त्याला उगाच छळतेय?

अजून एक. परवा सकाळी दहाच्या सुमारास तो ओरडायला लागला, गेलेला हात भाजतोय म्हणून. आधी नखं, मग बोटं, मग मनगट, असं क्रमाने सांगत होता. कसल्याही औषधाने फरक पडेना. बारा वाजता एकदम शांत झाला आणि म्हणाला, "संपला." असं होतं, मामा. हात जातो, पण मेंदूतली त्याची खोली रिकामी होत नाही. मी सिस्टरना हेच समजावलं. तरी त्या तिथे एकट्या जात नाहीत.

भाऊ गेल्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुझी
चिंगी

१३ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मामा म्हणून, दुसऱ्यांदा हात बनवणारा म्हणून. पहिल्या वाचनात मधेच चहा करायला उठलो, दुसऱ्यात तुझी पाठ थोपटावीशी वाटली. सात तास! लहानपणी तुला दोन मिनिटं एका जागी बसवायला खिशात शेंगदाणे ठेवावे लागायचे.

आठ-नऊ पुरतात का विचारतेस? अगं, पाच असते तरी मी नाचलो असतो. कोपर म्हणजे काय ते तुम्हाला पुस्तकात सांगतात, मी तुला ताटावर सांगतो. कोपर असलं की घास तोंडाशी येतो. कोपर गेलं की तोंडाला घासाकडे जावं लागतं. चाळीस वर्षं हेच बघतोय. कोपराच्या वरून तुटलेल्याला मी झकास हात करून देतो, दोरी, चाप, सगळं. तो सहा महिने वापरतो आणि मग खुंटीला टांगून ठेवतो. कोपरवाला माझ्याकडे दर दोन वर्षांनी पट्टे झिजवून येतो आणि वर मलाच बोलतो, "मामा, तुमचं चामडं कच्चं." ते बोलणं ऐकायला मला आवडतं.

आणि तळव्याचं कातडं! मांडीचं कातडं माझ्या चामड्याखाली आठवड्यात सोलून निघतं. तळवा कष्टालाच जन्मलेला. आठापेक्षा कमी उरलं असतं तरी हाड पुढे ओढून वाढवता येतं, ती कड्यांची चौकट बसवून, रोज एकेक मिलिमीटर. मागे तूच मला पाठवली होतीस एक पोरगी तशी. पण हाडाला पांघरूण नसेल तर वाढवणार काय, कप्पाळ.

आता माझं काम. मला मापं धाड. आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे: शाबूत हात कोपरापासून मनगटापर्यंत, उरलेला हात कोपरापासून टोकापर्यंत, आणि तुकडा मिळालाच असेल तर तोही, मनगटापासून तुटल्या जागेपर्यंत. तीनही मापं हाडाची हवीत, मांस खोटं बोलतं. आणि तुमच्या कागदांवर काय लिहायचं ते लिहा, पण त्याच्यासमोर "खुंट" म्हणू नका. खुंट झाडाला असतो. आपण "उरलेला हात" म्हणतो.

भाऊ गेल्याचं लवकर सांगा. जे त्याला कळलेलंच आहे ते लपवून काय होणार.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

मामा,

जगला. तळवा जगला. गुलाबी आहे, ऊबदार आहे, दाबला की पांढरा होऊन पुन्हा भरतो. साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" म्हणजे पुष्पहार.

मापं, क्ष-किरणाच्या चित्रांवरून घेतलेली: शाबूत डावा हात सव्वीस सेंटिमीटर. उरलेला नऊ. आलेला तुकडा एकवीस.

त्याला भावाचं सांगितलं. आई समोर होती. ती बाई रोज येते, त्याचं डोकं पुसते, पण त्याच्या तोंडाकडे फार वेळ बघू शकत नाही. जुळे होते ते. हुबेहूब. थोरला-धाकटा नुसतं म्हणायला, मध्ये अकरा मिनिटं.

तो रडला नाही. म्हणाला, "मग मनगट कोण धरून बसलंय?"

मी विचारलं, कुठलं मनगट. तर जे नाही ते. पहिल्या दिवसापासून कुणीतरी त्याचं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलंय, म्हणे. दुखत नाही, पण सुटत नाही. "भाजलं त्या दिवशीसुद्धा सोडलं नव्हतं," असं म्हणाला. मी मान हलवली, नोंद केली, बाहेर येऊन पाणी प्यायले. नसा तुटल्या की असे भास होतात, पुस्तकात पानंच्या पानं आहेत. पण त्या पुस्तकांतली माणसं इतक्या साध्या आवाजात बोलत नाहीत.

एप्रिलमध्ये तुझ्याकडे धाडते.

चिंगी

१ मार्च

चिंगे,

मापं पुन्हा घे.

तुझं गणित शाळेत कसं होतं ते मी विसरलेलो नाही, पण इथे गणित नाही, नुसती बेरीज आहे. नऊ आणि एकवीस तीस. शाबूत हात सव्वीस. चार सेंटिमीटर जास्त.

हे बघ, बेरीज कमी भरते हे मला ठाऊक आहे. हाडाचा चुरा होतो, मधला तुकडा यंत्रातच राहतो. वीस भरेल, बावीस भरेल. चाळीस वर्षांत जास्त कधी भरलेली नाही. गेलेलं आणि उरलेलं मिळून आधी होतं त्याहून मोठं कसं होईल? मी कागदावर दोन्ही तुकडे काढून टोकाला टोक लावून बघितले. एकावर एक चढतात.

तीन दिवस मी तुला हे लिहायचं टाळतोय. काल चामडं कापताना सुरी दोनदा घसरली, तेव्हा म्हटलं आता लिहावंच. तू चुकीचं माप घेतलं असशील तर मला दोन शिव्या दे आणि विषय संपव. मला त्या शिव्या हव्यात.

नसशील तर एवढंच विचार: धाकट्याचा कुठला हात गेला होता?

मामा

९ मार्च

मामा,

शिव्या नाहीत माझ्याकडे.

तीनदा मोजलं. चित्रं शेजारी शेजारी लावली. सात तास मी वाहिन्या बघत होते, हाडाची दोन टोकं एकमेकांना लावून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. लावली नाहीत. त्याच्यासोबत एकच हात आला होता, म्हणजे तो त्याचाच, असं मी धरून चालले. सगळेच धरून चालले.

मी कारखान्यात गेले. ज्यांनी यंत्र बंद केलं त्या मिस्त्रीबुवांना भेटले. धाकट्याचा डावा हात आधी रुळात गेला. थोरल्याने त्याचा उजवा धरून ओढलं. एकमेकांची मनगटं धरली होती दोघांनी. मग रुळांनी धाकट्याला आणखी ओढलं आणि दोघांचे उजवे हात एकदमच आत गेले. एक हात पलीकडे पडला, तो लोकांनी बर्फात घालून जिवंत माणसाबरोबर धाडला. दुसरा चार तासांनी रुळांच्या खाली सापडला. तो साहजिकच मेलेल्याबरोबर गेला.

दुसऱ्या कुणाचं कातडं असतं तर ते शरीराने दोन आठवड्यांत काळं करून टाकून दिलं असतं. हे टाकलं नाही. जुळ्याचं कातडं शरीर परकं मानत नाही. थोरल्याच्या हाताच्या टोकाला जो तळवा गुलाबी आहे, तो धाकट्याचा आहे.

आणि थोरल्याचा स्वतःचा हात धाकट्याबरोबर गेला. मी आईला तारीख विचारली. दहन चार फेब्रुवारीला झालं. सकाळी दहा वाजता.

मला हे कुणालाही सांगायचं नाहीये. माझी नोकरी जाईल म्हणून नाही. म्हणजे तेही आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण त्याला कळलं आणि तो म्हणाला की मेलेल्या भावाचं कातडं माझ्या अंगावर नको, काढा, तर कोपर जाईल. दोन घरं आहेत त्याच्यावर आता. तू त्याला हात करून दे आणि काही बोलू नकोस. तुझ्या भाचीसाठी एवढं कर.

चिंगी

१८ एप्रिल

चिंगे,

तुझ्या मागच्या पत्राला मी उत्तर धाडलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. आता सुचतंय ते तुला आवडणार नाही, आणि त्याला वेळही थोडा आहे.

तो मंगळवारी आला. गडी उमदा आहे. दुकान बघून म्हणाला, "एवढे हात टांगलेत, एकही सलाम करत नाही." मी म्हटलं, "पैसे दिल्याशिवाय करत नाहीत." हसला. बाकावर बसवला, बाही वर केली. चिंगे, काम तू फार देखणं केलंयस. हातावरच्या रेषासुद्धा दिसतात. हाडाच्या टोकावर आयुष्याची रेषा वळून मागे जाते. मी सुईचं टोक हळूच लावून बघितलं, त्याला काहीच कळलं नाही. नसा अजून तिथवर आल्या नाहीत. पण मी ओलं प्लास्टर लावायला घेतलं तर तळव्याला घाम फुटला. त्याचं कपाळ कोरडं, डावा हात कोरडा, खोलीत पंखा चालू. आणि तेवढाच तळवा घामाघूम. साचा धरेना. तीनदा पुसून तीनदा लावला.

मी म्हटलं, "घाबरला वाटतं."

तो म्हणाला, "तो घाबरेलच. त्याला माहीत आहे त्याचं काय होणार ते."

मग बोलला. "मामा, तुम्ही साचा काढताय, राहू द्या. पंचवीस तारखेला मोठे साहेब कोपराच्या वरून घेणार आहेत. मीच सांगितलंय त्यांना. तुमच्या भाचीबाईंना बोलायची हिंमत झाली नाही. त्यांनी एवढं केलं." मी विचारलं, का रे बाबा. तर तो त्या तळव्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हणाला, "ह्या हाताने त्याला सोडलं. धरलं होतं मी, आणि सोडलं. घामाने निसटला की मीच सोडला ते मला आठवत नाही, पण हातात काही नव्हतं एवढं आठवतं. रोज सकाळी उठलो की हा समोर. ज्याने भावाला सोडलं त्याला मी घास भरवायला ठेवू?"

कळतंय का तुला? आपण दोघं तोंड शिवून बसलो, त्याला खरं कळलं तर कोपर जाईल म्हणून. आणि कोपर चाललंय ते त्याला खरं ठाऊक नाही म्हणून.

मी तुला शब्द दिला नव्हता, पण मोडलाही नाही. जिभेला गाठ मारून त्याला चहा पाजला. सांगायचं ते तूच सांग. हात जोडणारीनेच सांगावं. पंचवीसच्या आत. आणि तुझ्या नोकरीचं म्हणशील तर दुकानात एक बाक रिकामा आहे, शिलाई तुझी माझ्याहून बरी.

मामा

२२ एप्रिल

मामा,

पत्र काल पोचलं. आज सांगितलं.

आधी साहेबांना सांगितलं, लेखी. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. चौकशी होईल. तोपर्यंत मी शस्त्रक्रिया करायच्या नाहीत. ते ठीक आहे. मग त्याला बोलावलं. आई नको म्हणाला, एकटाच बसला.

मी मोठी प्रस्तावना ठरवून गेले होते, सगळी विसरले. क्ष-किरणाची दोन चित्रं उजेडाला लावली आणि तुझी बेरीज करून दाखवली. नऊ. एकवीस. सव्वीस. तो कारखान्यातला माणूस, मापं त्याला माझ्याआधी कळली.

मग डाव्या हाताची बोटं तळव्यावर ठेवली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हा त्याचा?"

"हो."

"ह्याने माझं मनगट धरलं होतं."

"मिस्त्रीबुवा तसं म्हणाले."

"मग माझा कुठंय?"

ह्याच प्रश्नाला मी भीत होते. मी सांगितलं. धाकट्यासोबत दिला. चार तारखेला सकाळी दहाला. तो बोटं मोजल्यासारखी हलवत राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला ती सकाळ आठवतेय, नखं, बोटं, मनगट, त्याच क्रमाने. मला वाटलं आता हा किंचाळेल किंवा मला मारेल. मारलं असतं तर मी हललेही नसते.

तो म्हणाला, "म्हणजे मी शेवटपर्यंत होतो त्याच्याजवळ."

मी चित्रं उतरवून घेतली.

"मी सोडला नाही," तो म्हणाला. हे मला नव्हतं. मग उठला, बाही खाली घेतली, दारापाशी थांबला. "पंचवीस तारखेचं रद्द करा, बाई. आणि मामांना सांगा, साचा टाकून देऊ नका."

मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ दोन्ही हातांवर बसून राहिले, लहानपणी थंडीत बसायचे तशी.

तुझी
चिंगी

३० मे

चिंगे,

चौकशीत तुला समज देऊन सोडलं हे तुझ्या आईकडून कळलं. बाकाची धूळ पुसून ठेवली होती, आता तिथे खोकी ठेवतो.

तुझ्या माणसाचा हात काल दिला. कोपराला दोन बाजूंनी बिजागरी, दंडाला रुंद पट्टा, पुढे साधा चाप. पहिल्याच खेपेला पेला उचलून प्यायला. अर्धा शर्टावर सांडला आणि म्हणाला, "मामा, तुमचा हात गळका आहे." कोपर झकास चालतं. दोन महिन्यांत कारखान्यात परत जाईल, रुळांवर नाही, गोदामात.

एक गोष्ट तुला सांगायची की नाही ह्यावर सकाळपासून अडलोय. तू शिकलेली आहेस, तुझ्याकडे नकाशे असतात मेंदूचे. मी आपला चामडं कापणारा. जे झालं तेवढं लिहितो.

चामडं चढवून पट्टे आवळले आणि विचारलं, कसं वाटतंय. तो म्हणाला, "मला बरं वाटतंय. जरा पाच मिनिटं आत जाऊ का?" मी म्हटलं जा. तो मागच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. माझं कानातलं यंत्र नेमकं त्या वेळी शहाण्यासारखं चालत होतं. आतून त्याचा आवाज येत होता, हळू, घरात भावाभावांत बोलतात तसा. "नीट बसलास का?" असं म्हणाला. मग गप्प. एखाद्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा गप्प. मग म्हणाला, "कुठे? आतल्या बाजूला?" पुन्हा गप्प. मग जरासा हसला.

बाहेर आला आणि माझ्यापुढे हात धरला. म्हणाला, "आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, काचतंय."

मी म्हटलं, तिथे तुला कळतं? आता जाणीव आली?

"मला नाही," तो म्हणाला.

पट्टे सोडले, चामडं उतरवलं. अंगठ्याच्या मुळाशी लाल चट्टा उठलेला, शिवणीची गाठ आत राहिली होती. माझी चूक. मी सुई घेऊन टोचून बघितलं, त्याच जागी, त्याच्या शेजारी, सगळीकडे. तो खिडकीबाहेर बघत होता, त्याला काहीच कळलं नाही. अजून दोन दिवस तसंच राहिलं असतं तर कातडं फाटलं असतं, आणि मग तुला ठाऊकच आहे.

गाठ कापली, जागा घासून गुळगुळीत केली, आतून मऊ चामड्याची चकती लावली. पुन्हा चढवलं. पट्टा आवळायच्या आधी मी थांबलो, आणि म्हाताऱ्या माणसाने काय विचारावं ते मला कुणी शिकवलेलं नाही, पण विचारलं.

"आता दोघांना बरं आहे का?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मीही राहिलो. मग म्हणाला, "एक भोक सैल ठेवा."

मी एक भोक सैल ठेवलं.

तुझा मामा